टेने : कातड्याचा रंग आणि कलंकाची ढाल

इंग्लंडातील सरदार-घराण्यांच्या ढालींवर जी चित्रे असतात त्यांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. मराठीत त्याला कुलचिन्हशास्त्र म्हणता येईल. कोणाच्या ढालीवर सिंह असावा, कोणाच्या ढालीवर गरुड, कोणत्या भूमीवर कोणता पट्टा यावा, याचे काटेकोर नियम या शास्त्रात आहेत. ते नियम सांभाळणारे राजाचे चिन्हाधिकारी आहेत आणि लंडनमध्ये १४८४ साली स्थापन झालेली त्यांची संस्था आजही चालू आहे. या शास्त्राच्या कोशात एक आडवळणाचा शब्द सापडतो : 'टेने'. अर्थ दिलेला असतो, तपकिरी छटेचा नारिंगी रंग. आणि पुढे पुस्ती जोडलेली असते की, हा कलंकाचा रंग आहे.

ज्यांच्या बापजाद्यांना ढाल नव्हती, बिरुद नव्हते, शिक्का-मोर्तब नव्हते, त्यांनी परक्या सरदारांच्या ढाली कशाला न्याहाळाव्यात, असे वाचक विचारील. त्याचे उत्तर या शब्दाच्या व्युत्पत्तीतच आहे. प्रतिष्ठितांचा मान कशाने बनतो हे पाहायचे असेल तर त्यांनी अपमानासाठी कोणती सामग्री निवडली ते आधी पाहावे. सोन्याला सगळेच सोने म्हणतात; घाण कशाला म्हणायचे, यावरून समाज ओळखता येतो.

कुलचिन्हशास्त्रात दोन धातू मानतात : सोने आणि चांदी. पाच रंग मानतात : तांबडा, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा. यांशिवाय दोन प्रकारची केसाळ कातडी मानाची समजली जातात. एक एर्मिन, म्हणजे हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या मुंगसासारख्या एका लहान प्राण्याचे, आणि दुसरे व्हेअर, म्हणजे खारीचे. राजांच्या झग्यांना एर्मिनची किनार असे. एवढ्यात सगळा मानमरातब आटोपतो. या सगळ्यांच्या खाली, पंगतीच्या बाहेर बसवावेत तसे, तीन रंग बसवलेले आहेत : टेने, सँग्विन आणि मरी. सँग्विन म्हणजे रक्ताचा रंग, मरी म्हणजे तुतीच्या फळाचा रंग. या गटाला नाव आहे 'स्टेनँड'. इंग्लंडच्या उत्तरेकडील जुन्या बोलीत क्रियापदाला 'अँड' हा प्रत्यय लागला की 'करणारा' असा अर्थ होतो. स्टेनँड म्हणजे डाग पाडणारा. विटाळ करणारे रंग, असेही म्हणता येईल; आपल्याला ते लवकर समजेल.

आता टेने. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'तानर' या क्रियापदापासून आला आहे. तानर म्हणजे कातडे कमावणे. त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधला 'तानुम' हा शब्द आहे. तानुम म्हणजे ओक झाडाची कुटलेली साल. हा शब्दही बहुधा लॅटिनचा मूळचा नव्हे. फ्रान्समधील जुन्या केल्टिक लोकांच्या भाषेतला तो असावा, कारण त्यांच्याच कुळातल्या ब्रेटन भाषेत ओकला आजही 'तान' म्हणतात. इंग्रजीतला 'टॅन', 'टॅनरी', 'टॅनिन' आणि पिंगट रंगाचा 'टॉनी' ही सगळी एकाच आईची लेकरे. टेने हे त्यातलेच, पण ते सरदारांच्या वाड्यात गेले आणि तिथे त्याला कलंकाचा धंदा मिळाला.

म्हणजे टेने हा शब्दशः कमावलेल्या कातड्याचा रंग आहे. तो आकाशातून आलेला नाही, फुलातून आलेला नाही, खाणीतून आलेला नाही. तो माणसाच्या कामातून आलेला आहे. युरोपातला कातडे कमावणारा माणूस आधी कातडे चुन्यात मुरवी, केस खरवडून काढी, मऊपणा यावा म्हणून कुत्र्याची विष्ठा किंवा कबुतरांची शीट घातलेल्या पाण्यात ते ठेवी आणि मग ओकच्या सालीच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात महिनोन् महिने पुरून ठेवी. जाड तळव्याच्या चामड्याला वर्ष लागे. या वासामुळे त्याची वस्ती गावकुसाला लागून, वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला असे. हे वर्णन आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. आपल्याकडे ओकच्या जागी बाभूळ आहे. ढोर समाजाच्या वस्तीत चुन्याची कुंडी, बाभळीची साल आणि हिरडा ही सामग्री. कातडे पिशवीसारखे शिवायचे, टांगायचे, त्यात सालीचे पाणी भरायचे, ते झिरपून खाली गोळा झाले की पुन्हा वर ओतायचे. माझ्या आजोबांच्या तळहातांचा रंग मी पाहिलेला आहे. तो जन्माबरोबर आलेला नव्हता. सालीने चढवलेला होता. आमच्या घरातला पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि इंग्रजी कोशात टेनेचा अर्थ वाचला तेव्हा कोशकारापेक्षा मला तो रंग अधिक नेमका ठाऊक होता.

इथे मराठीची एक गोष्ट नोंदवायला हवी. मराठीत या कामाला 'कमावणे' म्हणतात. पैसा कमावतात, नाव कमावतात, पहिलवान शरीर कमावतो, आणि ढोर कातडे कमावतो. कष्टाने एखाद्या वस्तूला मोल आणणे, हा एकच अर्थ या सगळ्यांतून वाहतो. भाषेने या श्रमाला मिळकतीच्या शेजारी बसवले. समाजाने त्याच श्रमिकाला गावाच्या शेवटी बसवले. भाषा घडवणारे आणि शास्त्र घडवणारे हात वेगळे होते, असे म्हटल्याशिवाय याची संगती लागत नाही. इंग्लंडमध्ये उलट झाले. तिथे कामाचे नाव रंगाला मिळाले आणि पंडितांनी तो रंग बदनाम केला.

ही बदनामी करणाऱ्यांत ठळक नाव जेरार्ड ली याचे. १५६२ साली त्याचा कुलचिन्हशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने 'अबेटमेंट' म्हणजे मानखंडनेच्या नऊ खुणा सांगितल्या. हा शब्दही फ्रेंच. मुळात अर्थ, खाली पाडणे. १६१० साली जॉन गिलिम याने आपल्या मोठ्या ग्रंथात ही यादी पुन्हा मांडली आणि ती पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली. द्वंद्वाचे आव्हान देऊन मागे फिरणाऱ्याच्या ढालीवर मधोमध टेने रंगाचा चौकोन. बढाईखोराच्या ढालीचा उजवा कोपरा टेने. शरण आलेल्या कैद्याला ठार मारणाऱ्याच्या ढालीचा तळ टेने. शत्रूसमोर भेकडपणा दाखवणाऱ्याच्या ढालीवर डावीकडे टेने रंगाची वक्र पट्टी. राजाशी खोटे बोलणारा, युद्धात आळस करणारा, व्यभिचारी, दारुडा, कुमारिकेची अब्रू घेणारा, यांच्या वाट्याला रक्ताचा सँग्विन.

या यादीत एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळा अर्थ तिथे आहे. चौकोन, कोपरा, वक्र पट्टी हे आकार मुळात निंद्य नाहीत. हेच आकार सोन्याचे, चांदीचे किंवा निळ्या रंगाचे काढले तर ती मानाची चिन्हे ठरतात. टेने किंवा सँग्विन भरला की तोच आकार कलंक होतो. म्हणजे गुन्हा आकारात नाही, रंगात आहे. आणि रंग कोणाचे? एक कातडे कमावणाऱ्याचा, दुसरा खाटकाच्या हाताला लागतो तो. सरदाराने सरदारी सोडून काही नीच कर्म केले, हे दाखवायला शास्त्रकाराला रंग सापडले ते श्रमिकांच्या अंगावरचे. गुन्हा वरच्याने करावा आणि त्याचे नाव खालच्याच्या कामाला द्यावे, ही युक्ती आपल्या शिव्यांमध्येही आहे. जातींची नावे शिव्या म्हणून कशी वापरली जातात ते इथे लिहून दाखवण्याची गरज नाही.

ढाल मुळात कशाची असे, हेही पाहण्यासारखे आहे. लाकडावर कातडे मढवून ती बनत असे. १३७६ साली मेलेला इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला इतिहास ब्लॅक प्रिन्स म्हणतो, त्याची ढाल कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये जपून ठेवली आहे. तिच्यावरचे सिंह आणि कमळे चामड्याचीच साच्यात घडवलेली आहेत. राजघराण्याचा सिंह कातड्याचा चालतो, खारीचे कातडे मानाचे असते, पण कातडे कमावण्याचा रंग तेवढा डाग पाडतो. विटाळाचे तर्कशास्त्र कुठेही गेले तरी असेच चालते : वस्तू घरात, करणारा दारात.

शास्त्रकारांना आपल्या रंगांचे नाते ग्रहांशी जोडण्याचीही हौस होती. सोने म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र, तांबडा मंगळ, निळा गुरू, काळा शनी, हिरवा शुक्र, जांभळा बुध. सात ग्रह संपले आणि टेने व सँग्विन उरले. त्यांना त्यांनी 'ड्रॅगनचे डोके' आणि 'ड्रॅगनची शेपटी' ही नावे दिली. पाश्चात्त्य ज्योतिषात ही चंद्राच्या मार्गावरच्या दोन छेदबिंदूंची नावे आहेत. इराणी आणि अरबी ज्योतिषाच्या वाटेने ती लॅटिनमध्ये पोचली. आपल्याकडे त्याच दोन बिंदूंना राहू आणि केतू म्हणतात. म्हणजे इंग्रज पंडिताच्या हिशेबात कातड्याचा रंग राहूचा ठरला.

महाराष्ट्रातल्या दलिताला यावर वेगळे भाष्य नको. ग्रहण लागले की 'दे दान सुटे गिराण' असे ओरडत मांग-महारांनी गावातून फिरायचे, ही रीत अनेक गावांत जुन्या माणसांना आठवते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातींवरच्या ग्रंथात तर अशी समजूत नोंदलेली आहे की राहू-केतू हे मांगच होते आणि त्यांना शांत करण्यासाठी मांगांना दान द्यायचे. लंडनच्या पंडिताने आपल्या गावगाड्याचे नावही ऐकलेले नसणार. दोघांनी एकमेकांचे काही उसने घेतले, असा दावा मी करणार नाही. पण समाजाची उतरंड आभाळात टांगायची झाली की तळाच्या माणसाच्या वाट्याला दोन्हीकडे सूर्यचंद्र गिळणारा आला, हे खरे आहे.

आता मुख्य प्रश्न. टेनेचा डाग प्रत्यक्षात कोणाच्या ढालीवर पडला? कोणाच्याही नाही. कुलचिन्हांचे अभ्यासक गेली दीडशे वर्षे हेच सांगत आले आहेत. सतराव्या शतकातला फ्रेंच जेझुइट पंडित मेनेस्त्रिए याने तर या सगळ्या प्रकाराला इंग्रजांचा खुळेपणा म्हटले होते. कारण साधे आहे. ढाल मिरवणे सक्तीचे नव्हते. डाग पडला तर सरदार ढाल मिरवायचेच सोडून देईल. स्वतःच्या पैशाने स्वतःची नालस्ती कोण रंगवून घेईल? खरी शिक्षा व्हायची ती मान काढून घेण्याची. १३२६ साली ह्यू डिस्पेन्सर याला फाशी देताना उलट्या चिन्हांचा अंगरखा घातला होता. १६२१ साली सर फ्रान्सिस मिचेल याची सरदारकी काढली तेव्हा त्याचे रिकिब-काटे तोडले आणि तलवार मोडली. एकदा ही तोडमोड झाली की संपले. रंगाचा डाग पुस्तकातच राहिला.

पण त्याच देशात डाग प्रत्यक्ष अंगावर वागवणारी माणसे होती. १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यूंनी वेगळा पोशाख करावा असे ठरवले. १२१८ पासून इंग्लंडमध्ये ज्यूंवर छातीवर खूण लावण्याची सक्ती झाली. १२७५ च्या कायद्याने ती पिवळ्या नमद्याची, सहा इंच लांब आणि तीन इंच रुंद ठरवली. १२९० साली त्यांना देशाबाहेरच घालवले. पुढे १६२५ साली बेकनने व्याजबट्ट्यावरच्या निबंधात लोकांचे एक बोलणे नोंदवले आहे : सावकार ज्यूंसारखे वागतात, म्हणून त्यांनी नारिंगी-पिंगट टोप्या घालाव्यात. पिंगट म्हणजे तोच टॉनी, टेनेचा सख्खा भाऊ. सरदाराच्या ढालीवर जो रंग कधी चढला नाही तो दुबळ्याच्या डोक्यावर मात्र लोकांनी सहज चढवला.

आपल्याकडचा दाखला बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या भाषणात दिलेला आहे. पेशवाईत अस्पृश्याने ओळखू यावे म्हणून मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. पुण्यात कमरेला झाडू लावायचा, पावलांची धूळ पुसली जावी म्हणून. आणि गळ्यात मडके अडकवायचे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. हेही एक कुलचिन्हच आहे. त्यात दोरा आहे, झाडू आहे, मडके आहे. कोणी काय वागवायचे हे ठरलेले आहे. आणि ते बापाकडून मुलाकडे जाते. फरक इतकाच की हे चिन्ह टाकून देता येत नाही. सरदाराचा कलंक गुन्ह्याने यायचा होता आणि तो आला नाही. आमचा कलंक गुन्ह्यावाचून आला आणि पिढ्यानपिढ्या राहिला. 'युरोपातही असेच होते' असे म्हणून जातीची धार बोथट करणारे विद्वान अधूनमधून भेटतात. त्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

युरोपात असे काहीच नव्हते, असेही मी म्हणणार नाही. जर्मन मुलखात मेलेली जनावरे ओढून नेणारा आणि सोलणारा 'शिंडर' हा वंशपरंपरेने अप्रतिष्ठित मानला जाई. त्याच्या स्पर्शाने कारागिराची इज्जत जाई. त्याच्या मुलाला कोणताही व्यवसायसंघ घेत नसे. १७३१ साली साम्राज्याने हुकूम काढून इतर अप्रतिष्ठितांच्या मुलांना संघांची दारे उघडली, पण शिंडरांच्या पहिल्या दोन पिढ्यांना वगळले. ती अट १७७२ साली निघाली. महारकी ज्याला ठाऊक आहे त्याला हा शिंडर परका वाटणार नाही. मात्र तिथे धर्मशास्त्र त्याच्या पाठीवर बसलेले नव्हते. म्हणून हुकूम निघू शकला आणि काही काळाने तो मुरलाही.

पुन्हा १५६२ कडे येतो, कारण त्या सालाने माझा पिच्छा सोडलेला नाही. ली आपल्या नऊ कलंकांची यादी छापतो त्याच वर्षी ऑक्टोबरात जॉन हॉकिन्स हा इंग्रज दर्यावर्दी जहाजे घेऊन निघाला. सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर त्याने किमान तीनशे आफ्रिकी माणसे पकडली आणि अटलांटिकपार हिस्पानिओला बेटावर नेऊन विकली. १५६५ साली चिन्हाधिकाऱ्यांनी हॉकिन्सला कुलचिन्ह बहाल केले. त्याच्या ढालीवरचा मुकुटमणी कोणता? दोरीने बांधलेला, कमरेपर्यंतचा एक काळा माणूस. शास्त्राच्या भाषेत त्याचा रंग 'प्रॉपर', म्हणजे त्याचा स्वतःचा, निसर्गदत्त. शरण आलेल्या एका कैद्याला मारले तर टेनेचा डाग. तीनशे निरपराध माणसे बांधून विकली तर बिरुद. लीच्या यादीत बढाई आहे, दारू आहे, आळस आहे. माणूस विकणे त्या यादीत नाही. ते त्याला सुचलेच नाही, असे मला वाटते, आणि न सुचणे हे विसरण्यापेक्षा वाईट.

इंग्लंडच्या सगळ्या मानमरातबाचा उगम राजा मानला जातो. त्या राजवंशाचा आद्यपुरुष विल्यम हा नॉर्मंडीच्या फालेझ गावच्या हर्लेव्हा नावाच्या स्त्रीचा मुलगा. तिचा बाप चामडे कमावणारा होता, असे परंपरा सांगते. काही इतिहासकार मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ प्रेते सजवणारा असा लावतात. आपल्या दृष्टीने दोन्ही धंदे वेशीबाहेरचेच. आलाँसाँच्या वेढ्यात किल्ल्यातल्या लोकांनी भिंतीवर कातडी बडवून त्याला आईच्या कुळावरून हिणवले. किल्ला घेतल्यावर विल्यमने त्यांचे हातपाय तोडले. पुढे १०६६ साली तो इंग्लंडचा राजा झाला. तो कातड्याच्या वासाची लाज बाळगत होता की त्याबद्दलच्या हिणवण्याचा राग, हे कोणीही सांगू शकणार नाही. पण हातपाय तोडून कोणाचे कुळ बदलत नाही.

आज त्या रंगाला भाव आला आहे. पायताणाच्या दुकानात 'टॅन' मागितला की तोच रंग मिळतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या एका नामांकित कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मिरवल्या, तेव्हा आधी त्यांच्या मूळ गावाचे नाव नव्हते; ओरड झाल्यावर ते घेतले गेले. गावाचे घेतले, कमावणाऱ्याचे कोणी विचारले नाही. आणि आपल्यातही चांभार ढोराकडून पाणी घेत नव्हता, ही उतरंड आपण चालवली. तेव्हा मिलानवाल्यांवर रागावताना तेवढे ध्यानात ठेवावे.

लंडनमध्ये चामड्याच्या कारागिरांचे संघ जुने आहेत. लेदरसेलर्स म्हणजे चामडे विकणाऱ्यांच्या संघाला १४४४ साली राजाची सनद मिळाली. कॉर्डवेनर म्हणजे जोडे शिवणाऱ्यांच्या संघाचे नाव स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या चामड्यावरून आले. त्यांच्या ढालीवर बोकडांची तीन डोकी आहेत. कमावलेले चामडे घासूनपुसून तयार करणाऱ्या करियर लोकांच्या संघालाही ढाल आहे. काळ्या भूमीवर सोन्याचा क्रूस, आणि त्याच्याभोवती चार जोड्या चंदेरी सुऱ्या. ही दोन मुठींची सुरी म्हणजे आपल्या रापीची थोरली बहीण. हत्यार त्यांनी ढालीवर उघड मिरवले. टेने मात्र त्या ढालीवर त्यांनीही कुठे लावलेला नाही.